जुन्या ड्रॉइंगमधील सुटे भाग शोधता आले पाहिजेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विदर्भातील लघुउद्योगांना कुशल माणसे मिळत नाहीत, वीज परवडत नाही आणि बिले वेळेवर निघत नाहीत, या तक्रारी आपल्या वृत्तपत्रातून वेळोवेळी मांडल्या जातात आणि त्या रास्तही आहेत. परंतु हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वर येथील औद्योगिक वसाहतींत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना छळणारी आणखी एक अडचण आहे, जिची दखल कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. या कारखान्यांच्या संगणकांत गेल्या दोन-तीन दशकांची ड्रॉइंग साठून आहेत, पण त्यांतला नेमका एखादा भाग हवा असतो तेव्हा तो सापडत नाही. मी याच क्षेत्रात ड्राफ्ट्समन म्हणून काम करीत आलो आहे. या अडचणीत सॉफ्टवेअरचा दोष थोडा आणि आपल्या शिकवण्याचा व नोंदी ठेवण्याच्या सवयींचा दोष जास्त आहे, असे माझे मत असून ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडचे बरेचसे काम हंगामावर चालते. कापूस बाजारात येऊ लागला की हिंगणघाट, वणी, यवतमाळकडील जिनिंग कारखाने (कापसातून सरकी वेगळी करणारे) दिवसरात्र सुरू होतात. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलच्या बकेट एलिव्हेटरचे आणि कोळसा खाणींच्या कन्व्हेयरचे काम वर्षभर थोडे-थोडे असते, पण जिनिंगचे काम सगळे एकदम अंगावर येते. डबल रोलर जिनमध्ये एकमेकांविरुद्ध दिशेने फिरणारे दोन रोलर, प्रत्येक रोलरला दाबून बसवलेले एक स्थिर नाइफ आणि मधोमध सतत मागेपुढे हलणारे मूव्हिंग नाइफ अशी रचना असते. हे हलणारे नाइफ ज्या शाफ्टवर बसते त्याचे बुश (शाफ्टभोवती बसणारी नळी) आणि बेअरिंगची हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसते ते घर) सर्वांत लवकर झिजतात. ऐन हंगामात असे बुश गेले की मिस्त्री जुने बुश पिशवीत घालून नागपूरला येतो आणि “असंच बनवून द्या” म्हणतो. त्या जिनच्या बुशचे ड्रॉइंग पूर्वी केलेले आहे हे आम्हाला पक्के ठाऊक असते, पण ते कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने आणि कोणत्या असेंब्लीच्या, म्हणजे जुळणीच्या, पोटात आहे हे कोणालाच सांगता येत नाही. शेवटी व्हर्निअर घेऊन समोरच्या झिजलेल्या बुशचीच मापे घेतली जातात.

येथेच खरे नुकसान होते. झिजलेल्या नमुन्यावरून माप घेतले की झीजही नव्या भागात उतरते. आतला व्यास मुळात किती होता, त्यावर किती टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दिला होता, शाफ्टबरोबर कोणता फिट (किती घट्ट वा सैल बसणार) धरला होता हे नमुना सांगत नाही. धातू ईएन ८ प्रतीचे पोलाद होता की ईएन २४, त्याला हार्डनिंग (कठीण करण्याची प्रक्रिया) केले होते का आणि किती, हेही तो सांगत नाही. ही सगळी माहिती ड्रॉइंगमध्ये लिहिलेली असते. ती शोधण्याचा कंटाळा केल्यामुळे दरवेळी अंदाजाने केलेला भाग बाहेर पडतो, तो लवकर झिजतो आणि पुढच्या वेळी त्याच झिजलेल्या भागावरून आणखी एक केला जातो. नागपूरच्या जॉबवर्कवर, म्हणजे ऑर्डरीवर करून दिलेल्या कामावर, “टिकत नाही” असा जो ठपका येतो, त्यातला मोठा वाटा या नकलेवरून नक्कल करण्याचा आहे, असे मला अनुभवाने वाटते. वाचकांपैकी ज्यांचा लेथशी संबंध आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता शोध का लागत नाही ते पाहू. ड्रॉइंग काढण्याचे ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर 1982 मध्ये आले आणि आपल्याकडील लहान कारखान्यांत आजही बहुतेक काम त्यातच किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये होते. या द्विमितीय ड्रॉइंगमध्ये आपल्याला जे बुश दिसते ते संगणकाच्या लेखी बुश नसते, तर काही रेषा, वर्तुळे आणि कंस असतात. त्या रेषांना एकत्र बांधून त्यांचा ‘ब्लॉक’ केला आणि त्याला नाव दिले तरच तो भाग नावाने शोधता येतो. ब्लॉकला ‘अॅट्रिब्यूट’ जोडले, म्हणजे पार्ट नंबर, धातू आणि नग यांसाठी ठरावीक जागा ठेवल्या, तर त्यांची यादीही काढता येते. पण घाईच्या कामात ड्राफ्ट्समन ब्लॉकमध्ये किरकोळ बदल करायचा म्हणून तो ‘एक्सप्लोड’ करतो, म्हणजे पुन्हा सुट्या रेषांत फोडतो, आणि पुन्हा बांधत नाही. तेवढ्याने नाव जाते, अॅट्रिब्यूटमध्ये भरलेली माहिती जाते आणि मागे नुसत्या रेषा उरतात. दुसऱ्या ड्रॉइंगमधून एखादा भाग ब्लॉक म्हणून चिकटवला, तर ऑटोकॅड त्याला ‘ए’, डॉलरचे चिन्ह, ‘सी’ आणि पुढे अक्षरे व आकड्यांची रांग असे स्वतःच एक नाव देऊन टाकते. अशा नावांनी भरलेले एखादे जुने ड्रॉइंग उघडून बघावे; त्यातून हाउसिंग कोणते आणि कव्हर कोणते हे नावावरून कोणालाही ओळखता येणार नाही.

याच्या उलट फसवणूकही होते. ब्लॉकची व्याख्या एकदा ड्रॉइंगमध्ये आली की तो भाग चित्रातून पुसून टाकला तरी व्याख्या फाइलमध्ये शिल्लक राहते आणि ‘पर्ज’ केल्याशिवाय, म्हणजे न वापरलेल्या व्याख्या साफ केल्याशिवाय, जात नाही. त्यामुळे यादीत ‘बेअरिंग हाउसिंग’ हे नाव दिसते, आपण आनंदाने फाइल उघडतो आणि कागदावर हाउसिंगचा पत्ता नसतो. नाव सापडणे आणि भाग वापरलेला असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे नव्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

सॉफ्टवेअरमध्ये शोधाची साधने नाहीत असे मात्र मुळीच नाही. ‘फाइंड’ ही आज्ञा सर्वांना ठाऊक असते, पण ती फक्त उघडलेल्या ड्रॉइंगमधला मजकूर शोधते, संपूर्ण फोल्डर चाळत नाही. ‘डिझाइन सेंटर’ ही सोय 2000 च्या आवृत्तीपासून आहे. तिच्यातून दुसऱ्या ड्रॉइंगमधील ब्लॉक, ते ड्रॉइंग न उघडताच पाहता येतात आणि आपल्या कामात ओढूनही घेता येतात. ‘डेटा एक्स्ट्रॅक्शन’ 2008 च्या आवृत्तीत आले. त्याला पूर्ण फोल्डर दाखवला की त्यातल्या सगळ्या ड्रॉइंगमधील ब्लॉक आणि त्यांचे अॅट्रिब्यूट यांचा तक्ता तयार होतो आणि तो एक्सेलमध्ये नेता येतो. एवढी सोय हाताशी असूनही मी पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांत ती कधी उघडूनही बघितलेली नाही. याचे कारण आळस हे नाही. ब्लॉकला नावे आणि अॅट्रिब्यूट दिलेलेच नसतील तर तो तक्ता रिकामा किंवा निरर्थक निघतो, आणि एकदा तसा अनुभव आला की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

ज्यांच्याकडे सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती नाही त्यांच्यासाठी एक साधा मार्ग येथे नमूद करतो. ड्रॉइंगची नेहमीची डीडब्ल्यूजी फाइल साध्या मजकुराच्या रूपात नसते, पण डीएक्सएफ ही तिची बहीण सामान्यपणे मजकुराच्या रूपातच साठवली जाते. 1998 मध्ये स्थापन झालेल्या आणि आता ‘ओपन डिझाइन अलायन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने दिलेला एक विनामूल्य परिवर्तक आहे, जो फोल्डरच्या फोल्डर डीडब्ल्यूजीमधून डीएक्सएफमध्ये बदलून देतो. मूळ फाइलींना हात न लावता त्यांची अशी एक मजकुरी प्रत करून ठेवली की ‘नोटपॅड प्लस प्लस’सारख्या साध्या संपादकातून शेकडो ड्रॉइंगमध्ये एकाच वेळी शब्द शोधता येतो. कोणत्या फाइलमध्ये ‘मूव्हिंग नाइफ बुश’ लिहिले आहे ते त्यामुळे कळते, आणि तेवढीच फाइल मग ऑटोकॅडमध्ये उघडायची असते.

या मार्गात खाचखळगे आहेत आणि ते ठाऊक नसले की साधन निरुपयोगी वाटते. व्यासाचे चिन्ह जुन्या मजकुरात चिन्ह म्हणून साठवलेले नसते; तेथे टक्क्याची दोन चिन्हे आणि इंग्रजी ‘सी’ असे लिहिलेले असते. त्यामुळे 50 व्यासाचे बुश व्यासचिन्ह टाकून शोधणाऱ्याला ते मिळत नाही आणि टक्क्याची चिन्हे टाकणाऱ्याला मिळते. बहुओळी मजकुरात मध्येच फॉन्ट किंवा जाडी बदललेली असेल तर त्याची सांकेतिक चिन्हे शब्दाच्या अधेमधे येतात आणि शब्द तुटतो. मराठीत लिहिलेल्या सूचनांची गत तर याहून वाईट आहे. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान सांकेतिक पद्धत) रुळण्यापूर्वी आपण निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फॉन्ट वापरत होतो. त्यांत पडद्यावर ‘तेल भरा’ दिसत असले तरी आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भलतीच रांग साठवलेली असते. आजच्या कळफलकाने ‘तेल’ टाइप करून शोधले तर त्या काळच्या एकाही ड्रॉइंगमध्ये ते सापडणार नाही. या बाबतीत पाटबंधारे आणि बांधकाम क्षेत्रातील जुनी मराठी ड्रॉइंग सांभाळणाऱ्यांना आमच्यापेक्षा अधिक त्रास होत असणार.

फाइल कोणत्या काळातली आहे हे ती ऑटोकॅडमध्ये न उघडता ओळखण्याचीही सोय आहे. डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सगळा गोंधळ दिसतो, पण अगदी पहिली सहा अक्षरे नीट वाचता येतात. तेथे ‘एसी 1009’ असेल तर फाइल बाराव्या आवृत्तीच्या सुमाराची, ‘एसी 1015’ असेल तर 2000 च्या स्वरूपातली आणि ‘एसी 1032’ असेल तर 2018 किंवा त्यानंतरच्या स्वरूपातली असते. संगणकावर दिसणारी तारीख फाइल कोणी नुसती उघडून पुन्हा सेव्ह केली तरी बदलते. ही अक्षरेही नव्या आवृत्तीत सेव्ह केल्यावर बदलतात, हे खरे. पण वर्षानुवर्षे कोणी न शिवलेल्या फाइलींची प्रतवारी करायला ती पुरेशी पडतात. बाहेरून आलेली फाइल आपल्याकडील जुन्या आवृत्तीत का उघडत नाही याचे उत्तरही तेथेच मिळते. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने 2016 मध्ये कायमस्वरूपी परवान्यांची नवी विक्री थांबवल्यापासून मुदतीची वर्गणी भरावी लागते. ती न परवडणारे अनेक कारखाने जुन्या आवृत्तीवरच थांबले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आता रोजचाच झाला आहे.

त्रिमितीय सॉफ्टवेअर आल्याने प्रश्न सुटला, असा समज आहे. सॉलिडवर्क्स 1995 मध्ये आले आणि हळूहळू आमच्याकडेही रुळले. त्यात भागाला भाग म्हणूनच ओळख असते, असेंब्लीच्या बाजूला सर्व भागांची उतरंड दिसते, आणि हे निश्चितच मोठे पाऊल आहे. पण असेंब्लीच्या फाइलमध्ये भाग स्वतः नसतात, ते कोणत्या फोल्डरमध्ये कोणत्या नावाने आहेत याचा पत्ता असतो. कोणी व्यवस्थितपणा दाखवण्यासाठी विंडोजमधूनच फाइलचे नाव बदलले किंवा फोल्डर हलवला, की पत्ता चुकतो आणि भाग गायब होतो. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे दोन निरनिराळ्या कामांच्या फोल्डरमध्ये ‘ब्रॅकेट’ याच नावाच्या दोन वेगळ्या फाइली असणे. एका नावाचे दोन भाग हे सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडत नाही. पहिल्या कामाचा ब्रॅकेट आधीच उघडा असेल तर दुसऱ्या कामाच्या असेंब्लीत तोच येऊन बसण्याचा संभव असतो. भाग हरवला तर निदान लक्षात येते. चुकीचा भाग जागेवर बसला तर तो कटिंग होऊन वेल्डिंगला आल्यावर कळतो. म्हणून फाइलचे नाव हे वर्णन नसावे, तो एकमेव असा क्रमांक असावा, आणि वर्णन आतल्या ठरावीक रकान्यात असावे. ग्राहकाला फाइल पाठवताना ‘पॅक अँड गो’ वापरावे, म्हणजे असेंब्लीबरोबर तिचे सगळे भाग एकत्र जातात. त्याशिवाय अंतिम प्रतीची स्टेप फाइलही ठेवावी. आयएसओ 10303 या मानकानुसार तयार होणारी ही फाइल कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेली नसते आणि डीएक्सएफप्रमाणेच ती मजकूर म्हणून वाचता येते, त्यामुळे तिच्यात भागांची नावेही शोधता येतात.

ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटच्या काळात ही वेळ येत नव्हती, असे सांगितले तर तरुण सहकाऱ्यांना तो म्हाताऱ्यांचा हट्ट वाटतो. पण त्या काळी प्रत्येक कारखान्यात ड्रॉइंग रजिस्टर असे. त्यात ड्रॉइंग क्रमांक, भागाचे नाव, कोणत्या यंत्राचा, कोणत्या ग्राहकाचा, कितवे रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) आणि कोणत्या खणात, एवढे रकाने भरल्याशिवाय ट्रेसिंग खणात जात नसे. संगणक आला तेव्हा आता सगळे आपोआप सापडेल या समजुतीने ते रजिस्टर बंद झाले, आणि त्याच्या जागी ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘नवीन फायनल’ आणि ‘साहेबांनी सांगितलेले फायनल’ अशा नावांच्या फाइली आल्या. यांतली कोणती फाइल यंत्रांवर प्रत्यक्ष कामासाठी गेली हे ज्याने केली त्यालाच ठाऊक असते. तो पुण्याला किंवा चाकणला जास्त पगारावर गेला की कारखान्याची अनुक्रमणिकाच त्याच्याबरोबर जाते. फोन करून विचारावे लागते, आणि तो बिचारा कामाच्या गडबडीतही सांगतो, हा त्याचा चांगुलपणा.

हे बदलायचे तर सुरुवात शिक्षणापासून व्हावी. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तंत्रनिकेतनांतही संगणकीय ड्रॉइंग शिकवले जाते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे प्रोजेक्शन बरोबर असते, रेषांची जाडी बरोबर असते, मापे नीट लिहिलेली असतात. परीक्षेत याच गोष्टी तपासल्या जातात आणि त्या तपासल्या पाहिजेतच. पण ते ड्रॉइंग छापून कागदावर पाहिले जाते, फाइलमध्ये आत काय आहे ते कोणी पाहत नाही. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील माहितीच्या चौकोनात, कोणती माहिती असावी याचे भारतीय मानक आयएस 11665 च्या रूपाने 1985 पासून आहे. मुले तो चौकोन सुबक काढतात, परंतु त्यातली माहिती अॅट्रिब्यूट म्हणून न भरता सुटा मजकूर म्हणून टाइप करतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसते. शोधायला गेल्यावर मात्र एक यादीत येते आणि दुसरे येत नाही.

माझी सूचना अशी की प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न शोधाचा असावा. विद्यार्थ्याला दुसऱ्या कोणीतरी केलेल्या तीस-चाळीस जुन्या ड्रॉइंगचा फोल्डर द्यावा. त्यातून अमुक व्यासाचे बुश कोणकोणत्या असेंब्लीत वापरले आहे, त्याचे शेवटचे रिव्हिजन कोणते आणि एकूण किती नग लागतात ते शोधून लिहायला सांगावे. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये एकदा असे हातपाय मारले की स्वतःच्या फाइलला नाव देताना माणूस आपोआप विचार करतो. यासाठी नवे सॉफ्टवेअर, नवी प्रयोगशाळा किंवा अनुदान लागत नाही.

दुसरी सूचना सार्वजनिक क्षेत्रातील खरेदीदारांसाठी आहे. सुट्या भागांच्या निविदेबरोबर येणारे ड्रॉइंग पुष्कळदा जुन्या प्रिंटची स्कॅन केलेली प्रत असते. अशा एका प्रतीत 3 आणि 8 यांतला फरक ओळखण्यासाठी आम्हाला शेजारच्या मापांची बेरीज करून बघावी लागली होती. ते ड्रॉइंग मुळात संगणकावर केलेले होते हे त्याच्या अक्षरांवरून स्पष्ट दिसत होते, म्हणजे मूळ फाइल कोठेतरी असणार. ती शोधण्यापेक्षा कपाटातला कागद स्कॅन करणे कोणाला तरी सोपे वाटले असेल. ड्रॉइंग सर्वांना खुले करण्यात गोपनीयतेचा प्रश्न येतो हे मान्य आहे. निदान ज्याला काम मिळाले त्या पुरवठादाराला डीएक्सएफ किंवा स्टेप फाइल आणि पार्ट नंबरसह भागांची यादी देण्याची अट खरेदी आदेशातच घालायला काय हरकत आहे?

आणि तिसरी गोष्ट आम्हा कारखान्यांतील लोकांनी स्वतः करायची आहे. पावसाळ्यात जिनिंग कारखाने बंद असतात, आमच्याकडेही त्यांचे काम कमी असते आणि तंत्रनिकेतनांचे विद्यार्थी प्रशिक्षणासाठी जागा शोधत असतात. त्यांना चहा आणण्याच्या कामाला न लावता जुन्या ड्रॉइंगच्या नोंदी करायला बसवावे. सगळीच ड्रॉइंग हाती घेण्याची गरज नाही. जे भाग पुन्हा पुन्हा मागितले जातात ते प्रत्येक कारखान्याच्या फोरमनला तोंडपाठ असतात, तेवढ्यांपासून सुरुवात करावी. त्यांची शेवटची ड्रॉइंग निश्चित करावीत, त्यांना क्रमांक द्यावेत, टायटल ब्लॉकमध्ये अॅट्रिब्यूट भरावेत आणि बाकीची तशीच राहू द्यावीत. औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांच्या संघटनांनी क्रमांक देण्याची एक समान पद्धत आणि एक समान टायटल ब्लॉक ठरवून दिला तर एका कारखान्यातून दुसऱ्यात गेलेल्या ड्राफ्ट्समनला नव्याने शिकावे लागणार नाही. शिवाय जॉबवर्क एकमेकांकडे पाठवताना ड्रॉइंगबरोबर त्याची ओळखही जाईल. या संघटनांपैकी कोणी असा प्रयत्न आधीच सुरू केला असल्यास त्यांनी तो आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावा, म्हणजे यंदा कापूस येण्यापूर्वी इतरांनाही त्यात सामील होता येईल.

आपला नम्र,
एक ड्राफ्ट्समन,
हिंगणा औद्योगिक वसाहत, नागपूर